यात आपला कोण?

वर्गात काळोख करून मी आंद्रेआ मान्तेन्याचं ‘समुद्रदेवतांची लढाई’ भिंतीभर मोठं करून लावलं. कलास्वादाचा वर्ग, समोर वीस-पंचवीस मुलं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, यात आपला कोण?”

बाकीची मुलं हसली. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. पौराणिक लढाईचं चित्र म्हटलं की आपल्याकडे बाजू आधीच ठरलेली असते. महिषासुरमर्दिनीच्या तसबिरीत महिषासुराच्या बाजूनं कुणी उभं राहत नाही. राजा रविवर्म्यानं १८९४ साली गिरगावात छापखाना सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथून निघालेली देवादिकांची चित्रं घरोघरी भिंतीवर चढली. त्या चित्रांत हात कुणाला जोडायचे हे विचारावं लागत नाही. अशा घरात वाढलेली मुलगी पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या चित्रातही आपला माणूस शोधणारच.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी म्हटलं, मान्तेन्या फार मोठा चित्रकार, त्याच्यावर जळणारे पुष्कळ होते, म्हणून त्यानं मत्सराविरुद्ध हे चित्र काढलं. ती म्हणाली, “मग यातला मान्तेन्या कुठला?”

मी भिंतीकडे वळले आणि बराच वेळ शोधत राहिले. मला तो सापडला नाही.

मुळात चित्रात काय आहे ते आधी सांगते. हे मुद्राचित्र आहे, म्हणजे पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. हे एक चित्र म्हणजे तांब्याच्या दोन पत्र्यांवरून काढलेली दोन पानं. शेजारी शेजारी ठेवली की सुमारे ऐंशी सेंटीमीटर लांबीचा पट्टा तयार होतो. जुन्या रोमन शवपेट्यांवर कोरलेल्या मिरवणुका असतात तसा, पुढून मागे जाण्याऐवजी आडवा सरकणारा. डाव्या पानावर एक म्हातारी आहे, हाडांवर कातडं ताणलेली, स्तन सुकून लोंबलेले. ती एका राक्षसी सागरी प्राण्याच्या पाठीवर उभी राहून हातातली पाटी पुढे करते आहे. पाटीवर पाच रोमन अक्षरं, ‘इन्विद’. लॅटिनमधल्या ‘इन्विदिआ’ या शब्दाचा हा तुकडा. इन्विदिआ म्हणजे मत्सर. तिच्यासमोर पुढचं अंग घोड्याचं आणि मागचं माशाचं अशा जनावरांवर बसलेले नागवे पुरुष एकमेकांवर तुटून पडलेत. उजव्या पानावर माणसाचं धड आणि खाली सागरी प्राण्याचं अंग असलेले आडदांड योद्धे झुंजताहेत, त्यांच्या पाठीवर बाईमाणूसही आहे. मागे बोरू वाढलेत. एका चौथऱ्यावर समुद्रदेव नेपच्यूनचा पुतळा आहे, आणि त्यानं या सगळ्या हाणामारीकडे पाठ केलेली आहे.

हत्यारं बघण्यासारखी आहेत. तलवार नाही, चिलखत नाही. कुणी जनावराच्या कवटीची ढाल केली आहे. कुणी माशांचा जुडगा धरून समोरच्याला बडवतोय. ही माणसं पट्टीचे योद्धे असल्यासारखी ताणलेली आहेत, दंडांची, पाठीची एकेक पेशी फुगलेली, आणि हातात मासे! हे पाहून मुलं पहिल्यांदा हसतात. मग त्या चेहऱ्यांकडे नजर जाते आणि हसू थांबतं, कारण चेहऱ्यांवर गंमत नाही. ती खरंच एकमेकांना मारायला निघाली आहेत.

आता बाजू लावून बघा. एका बाजूच्या अंगावर काही खूण आहे का, जी दुसऱ्या बाजूला नाही? एकाचा चेहरा सात्त्विक आणि दुसऱ्याचा दुष्ट, असं आहे का? सगळे सारखेच बळकट आणि सारखेच उघडे. सगळे सारखेच पेटलेले. मत्सर नावाची म्हातारी यांच्यापैकी एकाच्या बाजूला उभी नाही. तिची पाटी सगळ्यांसाठी आहे. देवानं पाठ फिरवली आहे तीही सगळ्यांकडेच.

चित्र इतकं स्पष्ट असताना आपण त्याच्या शेजारी जी वाक्यं लावतो, ती मात्र बाजू घेऊन मोकळी होतात. संग्रहालयातल्या पाट्या, पाठ्यपुस्तकांतल्या टिपा, हल्ली मोबाइलवर दोन मिनिटांत ‘चित्राचं रहस्य’ उलगडणारे व्हिडिओ, या सगळ्यांना एक किल्ली हवी असते. किल्ली फिरवली, कुलूप उघडलं, पुढच्या चित्राकडे चला. माझं म्हणणं असं की या चित्राच्या बाबतीत ही किल्ली नुसती अपुरी नाही, ती अन्यायाची आहे. ‘मत्सराचा बळी ठरलेला महान कलावंत’ हे स्पष्टीकरण ज्या भांडणातून उचललं जातं, त्या भांडणाची कागदपत्रं उपलब्ध आहेत, आणि ती उलटंही बोलतात. ते बोलणं पाटीवर येत नाही.

त्याआधी विद्वानांनी जे शोधलं त्याचं मोल मानलं पाहिजे. त्यांनी खूप आणि चांगलं शोधलं आहे.

इन्विदिआ हा शब्दच घ्या. त्याच्या पोटात ‘बघणं’ या अर्थाचा धातू आहे. वाकड्या नजरेनं, वाईट डोळ्यानं बघणं. मराठीत आपण मत्सर म्हणतो तेव्हा सहा रिपूंपैकी शेवटचा आठवतो आणि गोष्ट मनाच्या आत राहते. इन्विदिआला जास्त जवळचा शब्द ‘दृष्ट’ आहे. आई तान्ह्या बाळाच्या गालावर काजळाचं बोट लावते ते ज्याच्या भीतीनं, ते. रोमन कवी ओव्हिडनं हिचं वर्णन केलं आहे: सुकलेली, फिकटलेली, कधी सरळ न बघणारी, दुसऱ्याचं दुःख दिसलं तरच हसणारी, दुसऱ्याला कुरतडताना स्वतःही कुरतडली जाणारी, स्वतःच स्वतःची शिक्षा. मान्तेन्याच्या म्हातारीचं ते कुपोषित शरीर इथून आलेलं दिसतं.

१९८२ साली मायकेल जेकबसन या अभ्यासकानं आणखी एक धागा पुढे आणला, तेलखिनांचा. ग्रीक दंतकथेत तेलखिन हे ऱ्होड्स बेटावरचे, समुद्राची लेकरं मानले गेलेले कारागीर. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या डायोडोरस या ग्रीक इतिहासकारानं लिहिलंय की देवांच्या मूर्ती पहिल्यांदा त्यांनीच घडवल्या, बाळ पोसायडनला, म्हणजे ग्रीकांच्या नेपच्यूनला, त्यांनीच वाढवलं, त्यांना ढग आणि गारा आणता येत, रूप पालटता येई, आणि आपली कला दुसऱ्याला शिकवायची म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायचं. ओव्हिड तर म्हणतो की यांच्या नुसत्या बघण्यानं सगळं नासायचं, म्हणून देवांचा राजा ज्युपिटर यानं त्यांना आपल्या भावाच्या, म्हणजे नेपच्यूनच्या, लाटांखाली बुडवलं. समुद्र, मूर्तिकार, नेपच्यून, मत्सर, वाईट नजर: सगळे मणी एकाच दोऱ्यात. शिवाय डायोडोरसच्या पहिल्या भागांचं लॅटिन भाषांतर पोज्जो ब्राच्चोलीनी या इटालियन विद्वानानं १४४९च्या सुमारास केलं होतं आणि १४७२ साली ते बोलोन्यात छापूनही निघालं होतं. इटलीतल्या मांतुआच्या दरबारातल्या पुस्तकवेड्या मान्तेन्याच्या हाती ते पडणं सहज शक्य होतं.

हा अर्थ मला फार आवडतो आणि म्हणूनच मी त्याच्याशी भांडते. डायोडोरसच्या तेलखिनांना महापुराची चाहूल लागते आणि ते बेट सोडून पांगतात. ते आपसात लढत नाहीत. म्हणजे चित्रात जे सगळ्यात ठळक आहे, ती लढाईच, या कथेत नाही. माशांचे जुडगेही नाहीत. माशांसाठी त्याआधीच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, रिचर्ड फोर्स्टर या जर्मन विद्वानानं दुसरीच मंडळी सुचवली होती, मत्स्याहारी. ग्रीक भूगोलकारांनी वर्णन केलेले हे किनाऱ्यावरचे लोक मासे खाऊन राहत, देवमाशाच्या हाडांची घरं बांधत. त्यांची वस्ती मकरानच्या किनाऱ्यावर, म्हणजे आपल्याच अरबी समुद्राच्या वरच्या काठाला. अलेक्झांडरचं आरमार सिंधूच्या मुखातून निघून परत गेलं तेव्हा त्यांच्याजवळून गेलं होतं. कोकणच्या वाचकाला हे ऐकून बरं वाटेल, पण मत्स्याहारी आणले की मासे आणि हाडं जुळतात आणि म्हातारी सुटून जाते.

असंच दर वेळी होतं. एक पोथी चार गोष्टी जुळवते आणि दोन तशाच सोडते. ग्रीक कवी कॅलिमॅकसनं आपल्यावर कुरकुरणाऱ्या टीकाकारांना ‘तेलखिन’ म्हटलं होतं, ही गोष्ट तर या अर्थाला अगदी सोन्यासारखी. पण त्या ओळी इजिप्तच्या वाळूतून निघालेल्या पपायरसावर सापडल्या आणि १९२७ साली छापल्या गेल्या. मान्तेन्या १५०६ साली वारला. चित्राचा अर्थ लावताना आपल्या कपाटातली पुस्तकं त्याच्या कपाटात ठेवायची नसतात. हा मोह भल्याभल्यांना होतो, मलाही झाला होता.

आता त्या भांडणाकडे येते. माझा जीव तिथे अडकला आहे.

मान्तेन्या सुताराचा मुलगा. पादुआजवळच्या खेड्यात १४३१च्या सुमारास जन्मलेला, स्क्वार्चोने नावाच्या चित्रकारानं दत्तक घेऊन शिकवलेला. वयात आल्यावर हाच मुलगा आपल्या श्रमाचा मोबदला मागत त्या गुरुपित्याविरुद्ध कायद्यानं उभा राहिला. १४६०पासून तो मांतुआचा दरबारी चित्रकार. मार्क्विस लुदोविको गोन्झागानं त्याला महिना पंधरा डुकॅट म्हणजे सोन्याची नाणी, राहायला घर, धान्य आणि सरपण कबूल केलं होतं. १४७४ साली त्यानं राजवाड्यातली ती प्रसिद्ध खोली पुरी केली, जिच्या छतातून रंगवलेलं आभाळ आणि खाली डोकावणारी मुलं दिसतात. म्हणजे १४७५ साली मांतुआत त्याच्या वरचढ चित्रकार नव्हता, आणि राज्यकर्त्याचा हात त्याच्या पाठीवर होता. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

त्या वर्षीच्या ५ एप्रिलचा एक करार मांतुआच्या दप्तरातून या शतकाच्या सुरुवातीला उजेडात आला. त्यात मान्तेन्या जान मार्को कावाल्ली या तरुण सोनाराला कामावर घेतो. मान्तेन्याची रेखाटनं कावाल्लीनं तांब्यावर कोरायची आणि ती दुसऱ्या कुणाला दाखवायची नाहीत, असा व्यवहार. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला व्हेरोनाहून लुदोविकोच्या नावे एक पत्र आलं. पाठवणारा सिमोने आर्दिझोनी, रेज्जो गावचा चित्रकार आणि तांब्यावर कोरणारा. तो लिहितो की मी मांतुआत आलो तेव्हा मान्तेन्यानं मला आपल्याकडे काम देऊ केलं. पण झोआन आंद्रेआ नावाचा माझा चित्रकार मित्र, त्याचे ठसे, रेखाटनं आणि पदकं चोरीला गेली होती. त्याची दया येऊन मी ते ठसे पुन्हा कोरून द्यायला चार महिने त्याच्याकडे राबलो. मान्तेन्याला हे कळलं, आधी धमक्या आल्या. मग एका संध्याकाळी दहाच्या वर हत्यारबंद माणसांनी आम्हा दोघांना गाठून मरणाची वेळ आणली. तरीही आम्ही काम सोडेनात म्हटल्यावर माझ्यावर पुरुषांशी संबंधाचा आरोप करवण्यात आला. त्या काळी हा आरोप जिवावर बेतायचा. आर्दिझोनी मांतुआ सोडून व्हेरोनाला पळाला आणि तिथून हे पत्र लिहिलं.

हे पत्रही एकाच बाजूचं आहे. आर्दिझोनीला आपली कातडी वाचवायची होती, आणि चार महिने त्यानं जे कोरलं ती मान्तेन्याच्या चित्रांची नक्कल होती का, हा प्रश्न उरतोच. मान्तेन्याला राग यायला जागा होती. चित्राच्या मालकीचा कायदा तेव्हा नव्हता. आपली रेषा दुसऱ्याच्या पत्र्यावर गेली की ती त्याची, आणि बाजारात पैसेही त्याचे. कावाल्लीच्या करारातली गुप्ततेची अट या भीतीतूनच आली असणार. हे सगळं मला मान्य आहे. पण आपली रेषा जपायला दहा हत्यारबंद माणसं पाठवली असतील, तर त्या रात्री मत्सराची पाटी कुणाच्या दारावर लावायची?

या चित्रावर तारीख नाही. ते १४७०च्या किंवा १४८०च्या दशकातलं आहे एवढ्यावर अभ्यासकांचा साधारण मेळ बसतो. हे चित्र त्या भांडणाबद्दल आहे असं सांगणारा कागद कुणाच्या हाती नाही. तरी स्पष्टीकरणं लिहिताना आपण दोन्ही एकत्र बांधतो, आणि बांधताना अर्धंच बांधतो. ‘प्रतिस्पर्ध्यांनी त्याला छळलं’ एवढं घेतो, ‘त्यानं प्रतिस्पर्ध्यांना छळलं’ हे टाकून देतो. भांडण चित्राशी जोडायचं नसेल तर मुळीच जोडू नका, माझी हरकत नाही. जोडायचं असेल तर पळून गेलेल्या माणसाचं पत्रही जोडा. ते पत्र ज्याच्या विरोधात गेलं, तो माणूस पुढे तीस वर्षं त्याच दरबारात मानानं राहिला. त्याची चित्रं राजवाड्यांत आणि संग्रहालयांत टिकली. आर्दिझोनीचं आपल्यापर्यंत जे आलं ते मुख्यतः एक तक्रारअर्ज. आपण पाटी लिहिताना त्या अर्जालाही केराची टोपली दाखवावी, हे मला पटत नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं, आणि ते देणारे लोक वाईट नाहीत. संग्रहालयात येणारा माणूस एका चित्रापुढे अर्धा मिनिट थांबतो. त्याला तेलखिन, मत्स्याहारी, करार आणि पत्र ऐकवत बसलात तर तो निघून जाईल. त्याला एक सोपं सूत्र द्या, निदान चित्र त्याच्या लक्षात राहील. मीही वर्गात हेच करत आले होते. पण त्या मुलीच्या बाबतीत काय झालं ते मी पाहिलं. माझं सोपं सूत्र ऐकल्यावर तिनं चित्राकडे बघणं सोडून चित्रात मान्तेन्या शोधायला सुरुवात केली. माझ्या वाक्यानं तिला नसलेली गोष्ट शोधायला लावलं. त्याऐवजी मी फक्त एवढं म्हटलं असतं की, बघ, देवानं पाठ केली आहे आणि पाटी कुणा एकाची नाही, तर ती अर्ध्या मिनिटातही जास्त काही घेऊन गेली असती. सोपं सांगायला माझी ना नाही, पण ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीपासून सुरू व्हावं. कवीचं नाव आणि पोथीतला उतारा नंतर.

मतभेद लोकांना गोंधळात पाडतात हेही मला खरं वाटत नाही. १९९२ साली लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये मान्तेन्याचं मोठं प्रदर्शन झालं. त्याची म्हणून मानली जाणारी सात मुद्राचित्रं त्यानं स्वतः कोरली की दुसऱ्याकडून कोरून घेतली, यावर अभ्यासकांचं एकमत होईना. डेव्हिड लँडाऊ म्हणत होते की हात मान्तेन्याचाच. सुझान बूर्श म्हणत होत्या की त्यानं स्वतः पत्र्याला हात लावलाच नाही. आयोजकांनी काय केलं, तर दोन्ही मतं एकाच ग्रंथात छापली. वाचकांनी ती वाचली, कुणी बिथरलं नाही. काही वर्षांनी कावाल्लीचा तो करार सापडला आणि दुसऱ्या मताचं पारडं बरंच जड झालं. त्या ग्रंथात एकच मत ‘अधिकृत’ म्हणून छापलं असतं तर करार सापडल्यावर सगळाच खुलासा खोटा पडला असता. आपल्याकडेही लेणी, भित्तिचित्रं, वीरगळ यांच्या शेजारी पाट्या लागतात. त्या लिहिणाऱ्यांनी ‘हे असं आहे’ आणि ‘असं मानतात’ यांतला फरक ठेवला, तर पाहणाऱ्याचा मान वाढेल.

‘कोरलं कुणी’ हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण अर्थाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. तांब्यावर कोरणं म्हणजे काय हे हातानं करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी एका मुद्राचित्रकार मित्राच्या कार्यशाळेत दोन दिवस बसले होते. टोकदार पोलादी हत्यार तळहातात रोवून पुढे ढकलायचं. वळण घ्यायचं असेल तर हत्यार फिरवत नाहीत, पत्रा फिरवतात. तांब्याची बारीक तार निघत राहते. चर पडले की त्यात शाई भरायची, वरचा पत्रा जाळीच्या फडक्यानं आणि मग तळहातानं पुसून लख्ख करायचा, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. कागद उचलताना जो आवाज येतो तो विसरता येत नाही. मी दोन दिवसांत एक पान आणि माझं नाव कोरलं, आणि नाव उलटं आलं. अक्षरं आरशातल्यासारखी कोरावी लागतात हे ठाऊक असूनही हात चुकला.

म्हणजे ‘इन्विद’ ही पाच अक्षरं कुणीतरी पत्र्यावर उलटी कोरली आहेत. रेखाटन मान्तेन्याचं आणि कोरणारा हात कावाल्लीचा किंवा आणखी कुणाचा असेल, तर दुसऱ्याला गुप्ततेच्या अटीवर राबवणाऱ्या मालकाच्या सांगण्यावरून एका कारागिरानं ‘मत्सर’ हा शब्द उलटा कोरला. हा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ‘महान कलावंताचं गाऱ्हाणं’ म्हणून चित्र वाचलं की हा कारागीर दिसेनासा होतो.

कागदावरचे ठसेही एकसारखे नाहीत. तांबं मऊ असतं. दाबयंत्राखाली पत्रा झिजतो, आणि सुईनं ओरखडल्यासारख्या ज्या नाजूक रेषा असतात त्या आधी जातात. मान्तेन्याच्या मुद्राचित्रांचे आज दिसणारे पुष्कळ ठसे झिजलेल्या पत्र्यांवरून, फिक्या शाईत काढलेले आहेत. सुरुवातीच्या चांगल्या ठशात अंगावरच्या समांतर तिरप्या रेषा मखमलीसारख्या गर्द होतात आणि ती शरीरं संगमरवरातून उठल्यासारखी वाटतात. झिजलेल्या ठशात तीच शरीरं राखाडी, थकलेली दिसतात. मोबाइलच्या पडद्यावर कोणता ठसा पाहिला यावर ‘लढाई भीषण आहे’ की ‘लढाई उदास आहे’ हे ठरू शकतं. अर्थ लावणाऱ्यानं आपण कोणत्या ठशासमोर उभे आहोत एवढं तरी सांगावं.

फ्लॉरेन्समध्ये साधारण याच काळात आंतोनिओ पोल्लायुओलोनं नागव्या पुरुषांच्या लढाईचं एक मोठं मुद्राचित्र केलं. तिथेही कोण कुणाशी का लढतंय याचा पत्ता नाही, आणि तिथेही एक पाटी आहे, झाडाला टांगलेली. तिच्यावर लिहिलंय: फ्लॉरेन्सच्या आंतोनिओ पोल्लायुओलोची कृती. मान्तेन्याच्या नावावर मोजल्या जाणाऱ्या त्या सातांपैकी एकावरही त्याची सही नाही. इथे पाटी आहे, हातात धरून पुढे केलेली, अक्षरं कोरायला जागा आहे, आणि जिथे दुसऱ्यानं आपलं नाव घातलं तिथे यानं मत्सराचं नाव घातलं. यातून सिद्ध काहीच होत नाही. पण मला हे चित्र गाऱ्हाण्यापेक्षा कबुलीच्या जास्त जवळचं वाटतं ते यामुळे. पुतळे घडवणारे आणि रेषा ओढणारे आपण सगळेच या चिखलात माशांनी एकमेकांना झोडपतोय, असं म्हणणारा माणूस मला त्या पाटीमागे दिसतो. तो मान्तेन्या असेल तर आर्दिझोनीच्या पत्रातल्या मान्तेन्यापेक्षा मला तो मोठा वाटतो. माझा हा अर्थही इतरांसारखाच तपासावा. त्यालाही काही गोष्टी जुळत नाहीत. पाठीवर बसलेल्या बायका त्यात कुठे बसतात हे मला सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्या वर्गात व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयातलं एक रेखाटन दाखवलं. १४९४ साली तेवीस वर्षांच्या आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकारानं मान्तेन्याच्या याच चित्राची पेननं केलेली नक्कल. बाह्यरेषा जशाच्या तशा उतरवल्या आहेत, पण अंगावर छटा देताना मान्तेन्याच्या सरळ तिरप्या रेषा त्यानं सोडून दिल्या आणि स्नायूंच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या स्वतःच्या रेषा घातल्या. त्याला दहा हत्यारबंद माणसांनी गाठलं नाही. नक्कल करता करता तो ड्यूरर झाला. आणि त्यानं उतरवलंय ते उजवं पान.

तिसऱ्या बाकावरची ती मुलगी पुढे येऊन भिंतीजवळ उभी राहिली. “मॅडम, म्हातारी कुठे गेली?”

ती डाव्या पानावर राहिली, मी म्हटलं. पाटीही तिच्याबरोबरच राहिली.

“पण हे लढतायतच की अजून,” ती म्हणाली, आणि माशांच्या जुडग्याजवळ बोट नेऊन एकेक मासा मोजायला लागली.